रुंदी नसलेले पान

माझ्या उमेदीची बहुतेक वर्षे पानाची रुंदी सांभाळण्यात गेली. छापखान्यात पाऊल टाकले तेव्हा पहिला धडा मिळाला तो स्टिकचा. डाव्या हातात स्टिक धरायची, ओळीचे माप ठरवून तिचा अडसर घट्ट करायचा, आणि मग त्या मापात खिळे बसवीत जायचे. ओळ आखूड पडली तर मध्ये क्वाड घालायचे, लांब झाली तर शब्द तोडायचा. पण माप बदलायचे नाही. पुढे ती पाने चेसच्या लोखंडी चौकटीत पाचरी ठोकून आवळली, की एक खिळाही जागचा हलता कामा नये. हललाच तर दोष जुळाऱ्याचा. ही शिस्त अंगात इतकी मुरली की पान म्हटले म्हणजे त्याला ठराविक रुंदी असायचीच, याविषयी मला कधी शंकासुद्धा आली नाही.

ती शंका वयाच्या सत्तरीत यायची होती. आमच्या गावच्या वाचनालयाची ग्रंथसूची वेबवर ठेवायचे मंडळींनी ठरवले, आणि "तुम्ही छापखान्यातले, तेव्हा पान तुम्हीच लावा" असे म्हणून ते काम माझ्या गळ्यात घातले. माझी एक पुतणी या व्यवसायात आहे. तिने पहिल्याच दिवशी बजावले, "काका, आधी नुसता मजकूर लिहा. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, एवढेच सांगा. रूपाचे मागाहून बघू." मी तसे केले आणि संगणकाच्या पडद्यावर ते पान उघडले. ओळी या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरल्या होत्या. खिडकी आखडली की त्या आपोआप तुटत आणि मजकूर खाली वाहत जाई. खिडकी रुंदावली की पुन्हा पसरत. मला ते पान म्हणजे चेसमध्ये न आवळलेला फर्मा वाटला. मी सीएसएस उघडले, म्हणजे पानाचे रूप ज्या भाषेत सांगतात ती भाषा, आणि आयुष्यातली पहिली आज्ञा लिहिली ती अशी : पानाची रुंदी ९६० पिक्सेल.

ओळी जागच्या जागी बसल्या. मला बरे वाटले. पुतणी हसली, पण काही बोलली नाही.

त्यानंतरच्या चार महिन्यांत मी एकामागून एक चुका केल्या. त्या निस्तरण्यासाठी वाचू लागलो तेव्हा एक मौजेची गोष्ट ध्यानात आली. ज्या क्रमाने मी चुकत होतो, त्याच क्रमाने ही सारी विद्या पूर्वी चुकून गेली होती. शिकाऊ माणसाच्या चार महिन्यांत पंचवीस वर्षांचा इतिहास दाटीवाटीने बसला होता. तो येथे मांडतो आहे.

वेबचा जन्म स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हाजवळच्या सेर्न या अणुसंशोधन संस्थेत झाला. देशोदेशींचे शास्त्रज्ञ तेथे येत, आपापली यंत्रे आणि आपापल्या पद्धती घेऊन येत, आणि एकाचे टिपण दुसऱ्याच्या यंत्रावर उघडत नसे. टिम बर्नर्स-ली या इंग्रज तरुणाने यावर उपाय म्हणून मार्च १९८९ मध्ये एक प्रस्ताव लिहिला. १९९० च्या अखेरीस त्याचा पहिला ब्राउझर नेक्स्ट नावाच्या महागड्या संगणकावर चालू लागला. पण तो संगणक होता किती जणांकडे? म्हणून निकोला पेलो या विद्यार्थिनीने दुसरा अगदी साधा ब्राउझर लिहिला. ज्या टर्मिनलवर चित्र नाही, निरनिराळे टाइप नाहीत, नुसत्या अक्षरांच्या ओळी उमटतात, त्यावरही तो चाले. म्हणजे वेबचे पान पहिल्या दिवसापासून दोन अगदी वेगळ्या पडद्यांवर दिसायला हवे होते. त्यामुळे त्याच्या भाषेत, एचटीएमएलमध्ये, हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा दुवा, एवढेच सांगण्याची सोय होती. रुंदी सांगण्याची सोय नव्हती, कारण ती सांगून उपयोग नव्हता. ज्याचा पडदा जेवढा, तेवढे त्याचे पान.

२०१३ साली सेर्नने ते पहिले संकेतस्थळ मूळ पत्त्यावर पुन्हा उभे केले. मी ते उघडले आणि खिडकी लहानमोठी करून पाहिली. ओळी तुटल्या, पसरल्या, पुन्हा तुटल्या. मी पहिल्या दिवशी लिहिलेले आणि 'न आवळलेले' म्हणून नापसंत केलेले पान अगदी असेच वागत होते. ज्या गुणाला मी दोष समजलो तो या पानाचा जन्मजात गुण होता.

मग त्याला चौकटीत आवळले कोणी? आम्हीच, म्हणजे आमच्यासारख्या, कागदावर हात बसलेल्या माणसांनी. नवे साधन आले की माणूस त्यात जुनेच रूप ओततो. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे छापखाने आले तेव्हा कित्येक पोथ्या छापल्या गेल्या त्या सुट्या, आडव्या पानांच्याच. यंत्राला तशा पानांची गरज नव्हती. ती वाचणाऱ्याच्या आणि छापणाऱ्याच्या सवयीची गरज होती. वेबचेही तसेच झाले. १९९३ साली मोझेक ब्राउझर आला, चित्रे आणि मजकूर एकाच पानावर दिसू लागले, आणि लोकांना मासिकासारखी पाने हवीशी झाली. दोन स्तंभ हवेत, समास हवा, ठळक मथळा हवा. त्यासाठी भाषेत काही साधन नव्हते.

ते साधन देण्याचा विचार होकून व्हीयुम ली या नॉर्वेजियन गृहस्थांनी सेर्नमध्येच असताना मांडला. त्यांचा प्रस्ताव १० ऑक्टोबर १९९४ या दिवशी प्रसिद्ध झाला. पुढे बर्ट बॉस हे डच गृहस्थ त्यांना येऊन मिळाले, आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृतपणे मान्य झाली. या नावातल्या 'कॅस्केडिंग' या शब्दाचा अर्थ पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे पाणी. पानाचे रूप एकाच ठिकाणाहून येत नाही. ब्राउझरचे काही म्हणणे असते, वाचकाचे काही असते, लेखकाचे काही असते, आणि ते सारे एकावरून एक उतरत खाली येते. मूळ प्रस्तावात तर प्रत्येक आज्ञेपुढे टक्के लिहिण्याची कल्पना होती : मथळा २४ पॉइंटांचा असावा, आणि हा माझा आग्रह शंभर टक्के, दुय्यम मथळा २० पॉइंटांचा, पण हा आग्रह चाळीसच टक्के. उरलेले वाचकाचे. पुढे हे टक्के गळाले, पण त्यामागचा विचार राहिला. त्या प्रस्तावाच्या अखेरीस आणखी एक सूचना होती. पडद्याची उंची ३० सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल तर एक शैली घ्यावी, नसेल तर दुसरी. हा विचार पुढे सोळा वर्षांनी जगभर गाजायचा होता. तो सुरुवातीच्या कागदावरच होता.

पण लोकांना इतका धीर कोठला! ब्राउझरांमध्ये सीएसएस अर्धवट आणि परस्परविरोधी रीतीने येत होते. त्याआधीच एचटीएमएलमध्ये कोष्टके आली होती. ती आकड्यांचे तक्ते मांडण्यासाठी होती. चतुर मंडळींनी त्यांच्या रेषा अदृश्य केल्या आणि अख्खे पान कोष्टकात बसवले. एका घरात यादी, दुसऱ्यात मजकूर, तिसऱ्यात चित्र. दोन घरांमध्ये अंतर हवे असेल तर एक पिक्सेलचे पारदर्शक चित्र घेऊन ते हवे तेवढे ताणायचे. हे वाचले आणि मी खुर्चीतच हसलो. हे तर आमचे क्वाड! काहीही न छापणारा, केवळ जागा अडवण्यासाठी घातलेला धातूचा ठोकळा, वेबवर पारदर्शक होऊन आला होता. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ च्या पुस्तकाने ही युक्ती घराघरांत पोचवली. आणि पुढच्याच वर्षी त्यांनी, वेबची नासाडी झाली आणि ती मीच केली, अशा अर्थाचा लेख लिहिला. आपल्या क्षेत्रात असा कबुलीजबाब देणारी माणसे थोडी.

मीही कोष्टकाचा मोह धरला होता. ग्रंथसूची म्हणजे तक्ताच, मग सारे पानच तक्त्यात का नको? पुतणीने विचारले, "काका, डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाला यंत्र हे पान वाचून दाखवते. ते कोष्टक म्हणून वाचील. वाचनालयाची वेळ आणि पत्ता ही काय आकडेवारी आहे?" मी कोष्टक फक्त सूचीपुरते ठेवले. पुढे ठाऊक झाले, की कोष्टके सोडल्यावर त्या काळच्या मंडळींनी 'फ्लोट' धरला. ही आज्ञा मुळात चित्राच्या भोवतीने मजकूर वाहावा यासाठी होती. तिच्यावर अख्खे स्तंभ टांगले गेले आणि वर्षानुवर्षे जगातली पुष्कळ पाने या टांगणीवर उभी होती. कारण उघड आहे. सीएसएसमध्ये रंग होता, टाइप होता, समास होता. पण पान लावण्याचे खास साधन असे नव्हतेच.

मात्र रुंदी अजूनही बांधलेलीच होती. प्रथम ६४० पिक्सेलच्या पडद्यांसाठी, मग ८०० च्या, मग १०२४ च्या. "हे पान अमुक रुंदीच्या पडद्यावर उत्तम दिसेल" अशी पाटी पुष्कळ ठिकाणी असे. म्हणजे पाहुण्याने यजमानाच्या पाटाच्या मापाचे होऊन यावे. मी निवडलेले ९६० हे मापही त्याच परंपरेतले. १०२४ च्या पडद्यात ते मावते, आणि त्याला १२ नेही भाग जातो, १६ नेही जातो, म्हणून स्तंभ पाडायला सोईचे. या साऱ्या काळात एक माणूस उलट बोलला. एप्रिल २००० मध्ये जॉन ऑलसॉप या ऑस्ट्रेलियन लेखकाने 'अ लिस्ट अपार्ट' या नियतकालिकात एक निबंध लिहिला. त्याचे सार असे, की छापील पानावर आपला जो ताबा असतो तो कागदाच्या मर्यादेतून आलेला आहे. वेबला ती मर्यादा नाही, तर ती तिच्यावर लादू नका, पानाचे लवचिक असणे हेच त्याचे बळ माना. ताओ विचाराचा आधार त्यांनी त्यासाठी घेतला होता. निबंध वाखाणला गेला, आणि लोक पुन्हा आपापली रुंदी बांधायला बसले. मलाही तो पुतणीने पहिल्याच आठवड्यात वाचायला दिला होता. मी तो आवडीने वाचला आणि माझे ९६० तसेच ठेवले.

निबंधाने जे झाले नाही ते फोनने केले. जून २००७ मध्ये आयफोन विक्रीस आला तेव्हा त्याचा पडदा ३२० पिक्सेल रुंद होता आणि जगातली पाने तिपटीने रुंद. तेव्हा त्या फोनने एक गोड लबाडी केली. पानाला सांगितले, "मी ९८० पिक्सेल रुंद आहे". पान त्या रुंदीत मांडले, आणि मग सारे चित्र आकसून इवल्या पडद्यावर दाखवले. वाचकाने बोटांनी ते मोठे करावे आणि ओळ वाचायला डावीकडून उजवीकडे सरकवीत न्यावे. माझी सूची मी प्रथम फोनवर पाहिली तेव्हा ती तशीच, मुंगीच्या पावलांची दिसली. ही लबाडी थांबवायची तर पानाच्या माथ्यावर एक ओळ लिहावी लागते : पानाची रुंदी म्हणजे यंत्राची खरी रुंदी समज. मी ती लिहिली. अक्षरे मोठी झाली खरी, पण माझे ९६० पिक्सेलचे पान फोनच्या उजव्या कडेबाहेर लटकू लागले. पुस्तकाचे नाव दिसे, तर लेखकाचे नाव पलीकडे. खोटे बोलणारा फोन गेला, आता माझे खोटे उघडे पडले.

या पेचातून वाट दाखवणारा लेख २५ मे २०१० रोजी त्याच 'अ लिस्ट अपार्ट'मध्ये आला. लेखक ईथन मार्कॉट. त्या काळी पुष्कळ संस्था फोनसाठी निराळे संकेतस्थळ काढत. म्हणजे एकाच ग्रंथाच्या दोन आवृत्त्या, आणि दुरुस्त्या दोन्हीकडे. मार्कॉट म्हणाले, पान एकच ठेवा, ते जागेला प्रतिसाद देईल असे करा. वास्तुशास्त्रात माणसांच्या वावराप्रमाणे आपले रूप बदलणाऱ्या वास्तूंचा विचार चालला होता. तेथून त्यांनी 'रिस्पॉन्सिव्ह' हा शब्द उचलला. साधने तीन, आणि तिन्ही तेव्हाही उपलब्ध होती. पहिले, स्तंभांची मापे पिक्सेलांत न देता टक्क्यांत द्यावीत. दुसरे, चित्राला सांगावे की आपल्या घराबाहेर जाऊ नकोस. तिसरे, मीडिया क्वेरी, म्हणजे 'पडदा इतका रुंद असेल तर' अशी अट. होकून ली यांच्या कागदावरचे ते जुने बीज येथे फळाला आले. २०१२ च्या जून महिन्यात ते अधिकृत नियम झाले.

टक्क्यांचा हिशोब सोपा आहे. हवे ते माप भागिले ज्यात ते बसायचे ते माप. ९६० च्या पानात ३०० चा स्तंभ असेल तर ३०० भागिले ९६०, म्हणजे ३१.२५ टक्के. मी पाकिटाच्या पाठीवर हे भागाकार केले. पूर्वी हस्तलिखितावरून पाने किती होतील याचा अंदाज असाच काढत असू. पान लवचिक झाले. पण फोनवर ३१.२५ टक्के म्हणजे शंभर पिक्सेल, आणि त्यात 'ज्ञानेश्वरीतील' हा एक शब्द मावेना. तेव्हा उमगले, की टक्के पुरेसे नाहीत. अरुंद जागेत स्तंभ एकाखाली एक यायला हवेत. ल्यूक व्ह्रोब्लेव्स्की यांच्या २०११ च्या पुस्तकातला उपदेश असा, की आधी लहान पडद्याचे पान लिहावे आणि जागा वाढेल तशी भर घालावी. मी सारे पुसून तसे केले. कोठे अट घालायची ते फोनच्या जातींवरून ठरवायचे नाही. खिडकी हळूहळू रुंद करीत जायचे, आणि ओळ जेथे वाचायला लांब वाटू लागेल तेथे दुसरा स्तंभ पाडायचा. हा निर्णय डोळ्यांनी घ्यायचा असतो. त्यात मात्र छापखान्यातली चाळीस वर्षे कामी आली.

पान लावण्याचे खरे साधन अखेर मार्च २०१७ मध्ये आले. त्या एका महिन्यात फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिन्ही ब्राउझरांनी 'ग्रिड' स्वीकारले. आता एका ओळीत सांगता येते : स्तंभ अमुक रुंदीपेक्षा अरुंद नको, जागा उरेल ती सारखी वाटून घ्या, आणि किती स्तंभ मावतात ते तुम्हीच मोजा. नवी पुस्तके मी अशी मांडली. फोनवर एक स्तंभ, माझ्या संगणकावर चार. आणि यात 'चार' हा आकडा मी कोठेही लिहिलेला नाही. आयुष्यभर मापे हुकमाने देणाऱ्या माणसाला हे सोपे जात नाही. येथे माप द्यायचे नसते, मर्यादा सांगायची असते आणि बाकीचे सोडून द्यायचे असते.

आता झाले, असे मी समजलो. पान वाचनालयाच्या सभासदांना कळवले. दुसऱ्याच दिवशी आमच्या गावच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा फोन आला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्या म्हणाल्या, "पान छान आहे हो, पण तुमची पुस्तके एकमेकांच्या अंगावर बसली आहेत." मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी ब्राउझरमधली अक्षरे दुपटीने मोठी करून ठेवली होती. मी रुंदी सैल सोडली होती, पण प्रत्येक पुस्तकाच्या घराची उंची मात्र ४८ पिक्सेल बांधली होती, आणि ओळींमधले अंतरही पिक्सेलांत दिले होते. मोठी अक्षरे त्यात मावेनात. एका नावाचे उकार खालच्या नावाच्या वेलांट्यांत गुंतले होते. आपल्या देवनागरीला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते हे मी लेड घालताना कधी विसरलो नव्हतो, येथे विसरलो. चौकट माझ्या हातून सुटली नव्हती, तिने फक्त बाजू बदलली होती.

घरी येऊन उंची काढून टाकली. ओळींमधले अंतर अक्षराच्या आकाराच्या पटीत दिले, म्हणजे अक्षर वाढेल तसे तेही वाढेल. एवढे केल्यावर मला १९९४ च्या त्या प्रस्तावातले टक्के आठवले. मथळ्यावर माझा आग्रह शंभर टक्के, दुय्यम मथळ्यावर चाळीस. तेव्हा तो मला गणिती खेळ वाटला होता. आता बाईंच्या फोनकडे पाहून आल्यावर त्याचा अर्थ लागला. छापील पानात वाचकाला बोलायला जागा नसते. मी दिले ते त्याने वाचावे, न दिसल्यास चष्मा बदलावा. या पानाच्या रचनेत मात्र त्याचा वाटा पहिल्यापासून धरलेला आहे, आणि जेव्हा जेव्हा आम्ही रुंदी बांधली, उंची बांधली, तेव्हा तेव्हा आम्ही पान नीट लावत नव्हतो, त्याचा वाटा खात होतो. पंचवीस वर्षांचा हा इतिहास म्हणजे तो वाटा हळूहळू परत करण्याचा इतिहास आहे, असे मला वाटते.

चार दिवसांनी बाईंचा पुन्हा फोन आला. म्हणाल्या, "आता सगळे स्पष्ट दिसते. त्यामुळेच लक्षात आले, यादीतले बावीस नंबरचे पुस्तक कपाटात नाही. कोणी नेले आहे?" यावर सीएसएसमध्ये उपाय नाही. मी नोंदवही काढून बसलो आहे.